टॅलीच्या एक्सएमएलमधली रक्कम दोनदा मोजली जाते

संपादक महोदय,

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून एक्सएमएल फाइल (टॅगांमध्ये मांडलेली माहिती) काढायची आणि पायथनच्या छोट्या स्क्रिप्टने हव्या त्या याद्या करायच्या, हे हिशेबाचे काम करणाऱ्या अनेकांच्या हाती बसले आहे. पण फाइलची रचना न पाहता लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये बेरीज हमखास चुकते.

व्हाउचरच्या पोटात 'ऑललेजरएंट्रीज.लिस्ट' (खात्याची नोंद) असते, तिच्या पोटात 'बिलॲलोकेशन्स.लिस्ट' (बिलवार तपशील), आणि 'अमाउंट' हा रकमेचा टॅग दोन्हींत येतो. पायथनमध्ये एक्सएमएल वाचणाऱ्या एलिमेंटट्रीचा 'इटर' सगळ्या पातळ्यांवर उतरतो. त्यामुळे ५,००० रुपयांची येणे रक्कम १०,००० दिसते: एकदा खात्याची, एकदा बिलवार तपशिलातली. 'फाइंडऑल'ला नुसते टॅगचे नाव दिले तर तो थेट खालच्याच पातळीवर शोधतो. तेव्हा व्हाउचरवर फाइंडऑल लावून खात्यांच्या नोंदी घ्याव्यात आणि प्रत्येक नोंदीवर 'फाइंडटेक्स्ट'ने रक्कम वाचावी. बिलवार तपशील हवा असेल तर त्याच नोंदीवर पुन्हा फाइंडऑल.

एक्सएमएलची डिक्शनरी (नाव आणि मजकूर यांच्या जोड्या) करून देणारे 'एक्सएमएलटूडिक्ट' वापरणाऱ्यांची अडचण निराळी. बिलात दोन वस्तू असल्या तर लिस्ट मिळते, एकच असली तर नुसती डिक्शनरी. तिच्यावर लूप फिरवला की वस्तूंऐवजी टॅगांची नावे हाती येतात. चाचणीचे बिल दोन वस्तूंचे असेल तर ही चूक दिसतच नाही. असे टॅग त्याच्या 'फोर्स_लिस्ट'मध्ये आधीच नोंदवावेत, म्हणजे वस्तू एकच असली तरी लिस्टच मिळते.

टॅली रिकाम्या '.लिस्ट'सुद्धा लिहिते, आत फक्त मोकळी जागा. तिथे फाइंडटेक्स्ट 'नन' (काहीच नाही) देतो. तो तपासल्याशिवाय आकड्यात रूपांतर करू नये. रूपांतरही 'फ्लोट'मध्ये (अंदाजे दशांश) नको, 'डेसिमल'मध्ये (अचूक दशांश) करावे, म्हणजे पैशांचा फरक पडत नाही. काही नावांआधी येणारे '' हे चिन्ह एक्सएमएल १.० मध्ये वैध नाही, पार्सर (फाइल वाचणारा प्रोग्राम) तिथेच थांबतो. ते मजकुरातून आधी काढून टाकावे. फाइल यूटीएफ-१६ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) असेल तर त्याच एन्कोडिंगने उघडावी, नाहीतर त्याआधीच अडखळायला होते.

टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावेची रक्कम ऋण आणि जमेची धन असते. त्यामुळे पेमेंट, रिसीट वा जर्नल व्हाउचरमधल्या खात्यांच्या रकमांची बेरीज शून्यच यायला हवी. ही तपासणी स्क्रिप्टमध्ये कायमची ठेवावी. वस्तूंच्या विक्री बिलाला मात्र ती जशीच्या तशी लावू नये, कारण तिथे विक्री खात्याची रक्कम वस्तूच्या नोंदीत, 'अकाउंटिंगॲलोकेशन्स.लिस्ट'मध्ये असते.

– एक वाचक