जालन्याचा हापसा, युगांडातली पहिली नोकरी

महोदय,

साठच्या दशकाच्या अखेरीस जालन्यात मिशनच्या मंडळींनी सुधारलेला हापसा सोलापुरात आणखी सुधारून पुढे ‘इंडिया मार्क-२’ झाला. त्याचाच भाऊबंद ‘यू-२’ युगांडाच्या खेड्यांत चालतो. तो दुरुस्त करणे ही तिथल्या काही तरुणांची पहिली नोकरी असते, आणि गावाला आपली गरज आहे हे त्यांना पहिल्याच दुरुस्तीत कळते.

काम सोपे नाही. ३ मीटरचा एकेक पाइप वर ओढायचा, तळाशी पाणी उचलणारा सिलिंडर उघडून झिजलेले वॉशर बदलायचे. पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प ढिला राहिला की सगळे पाइप बोअरमध्ये जातात. नवख्यांकडून हेच होते. पाणी आम्लधर्मी, म्हणजे पीएच ६.५ च्या खाली असेल तर जस्ताचा मुलामा दिलेले पाइप गंजतात, पाणी लालसर येते आणि बायाबापड्या पुन्हा ओढ्यावर जातात. अशा पाण्यात स्टेनलेस स्टीलसारखे न गंजणारे पाइप हवेत.

आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर मोजतात, बंद हापसे कोण मोजतो? मराठवाड्यातील पंचायतींनी आयटीआय झालेल्या मुलामुलींना हे काम द्यावे. सुटे भाग आधी घेऊन ठेवावेत. मजुरी मात्र मिनिटात ४० वेळा दांडा मारून सुमारे १२ लिटर पाणी पडते का, हे पाहूनच, पण त्याच दिवशी द्यावी.

– हातपंप दुरुस्ती कारागीर, जालना