‘कॅल्शियमची गोळी’ म्हणजे किती कॅल्शियम?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत हाडांच्या ठिसूळपणावर आलेला लेख वाचला. लेखाचा हेतू चांगला आहे आणि त्यातील बहुतेक सल्ला योग्यच आहे. परंतु ‘कॅल्शियमची गोळी’ हे शब्द त्यात वारंवार येऊनही ती गोळी प्रत्यक्षात कशाची असते, हे एकदाही सांगितलेले नाही. अनेक वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे मला ही उणीव लहान वाटत नाही. या गोळ्यांमध्ये सर्वाधिक वापरले जाते ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, खडू, संगमरवर, शिंपले आणि अंड्याचे कवच ज्याचे बनलेले असते तेच संयुग. कॅल्शियम आणि कॅल्शियम कार्बोनेट यांतला फरक ठाऊक नसेल, तर त्याची किंमत गोळी घेणाऱ्यालाच मोजावी लागते.

हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल इतका सोपा आहे. कॅल्शियमचे अणुवस्तुमान ४०, कार्बनचे १२ आणि ऑक्सिजनच्या तीन अणूंचे मिळून ४८. बेरीज बरोबर १००. म्हणजे या संयुगाच्या १०० ग्रॅममध्ये कॅल्शियम केवळ ४० ग्रॅम असते. ज्या गोळीत १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आहे, तिच्यातून ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. पण वेष्टनावर ‘कॅल्शियम कार्बोनेट ५०० मिलिग्रॅम’ असे छापलेले असेल, तर मिळते फक्त २०० मिलिग्रॅम. डॉक्टरांनी पाचशे मिलिग्रॅम कॅल्शियम घ्यायला सांगितले आणि रुग्णाने वेष्टनावरचा मोठ्या अक्षरांतला ५०० हा आकडा पाहून दुसरी गोळी आणली, तर त्याच्या पोटात निम्म्याहूनही कमी कॅल्शियम जाते. वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘एलिमेंटल कॅल्शियम’ म्हणून जो आकडा दिलेला असतो, तोच खरा. तो कुठे शोधायचा, एवढे लेखात आले असते तरी पुष्कळ होते.

गोळी कधी घ्यावी, याचे उत्तरही या संयुगाच्या स्वभावातच आहे. शुद्ध पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. एका लिटरमध्ये जेमतेम पंधरा मिलिग्रॅम विरघळते. आम्ल भेटले की मात्र ते फसफसून विरघळते. जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लाशी त्याचा संयोग झाला की कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. म्हणून तेच संयुग आम्लपित्तावरही दिले जाते आणि ते घेतल्यावर ढेकर येतात. जेवताना जठरात आम्ल भरपूर स्रवते, म्हणून ही गोळी जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घ्यावी. उपाशीपोटी घेतल्यास तिचा पुरेसा उपयोग होत नाही. आम्ल कमी करणारी औषधे रोज घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना याबद्दल आवर्जून विचारावे. त्यांच्यासाठी कॅल्शियम सायट्रेट अधिक सोयीचे ठरू शकते, कारण त्याला जठरातील आम्लाची तेवढी गरज नसते. मात्र त्यात कॅल्शियमचा वाटा सुमारे २१ टक्केच असतो. शिवाय एका वेळी पाचशे मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम घेतले, तर त्यातला शोषला जाणारा वाटा कमी होत जातो; म्हणून मोठी मात्रा दिवसातून दोनदा विभागून घेणे चांगले.

आम्लात विरघळण्याचा हा गुण आपल्या पोटापुरता नाही, हे मला वर्गात सांगायला नेहमी आवडे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडकातून झिरपताना कॅल्शियम कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट करून ते सोबत नेते आणि हजारो वर्षांत खडकात गुहा कोरून टाकते. मग गुहेच्या छताला लोंबणाऱ्या थेंबातून तो वायू निसटला की हीच क्रिया उलटी होते, कणाकणाने चुनखडी साचते आणि छतापासून खाली लवणस्तंभ वाढू लागतो. पाणी तापवण्याच्या भांड्यात बसणारा पांढरा थरही असाच तयार होतो, फक्त तिथे वायू घालवण्याचे काम उष्णता करते. समुद्रात मात्र हाच गुण आज चिंतेचे कारण झाला आहे. हवेतला वाढलेला कार्बन डायऑक्साइड समुद्रही शोषतो, आणि औद्योगिक क्रांतीपासून त्याच्या पृष्ठभागाजवळील पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. फरक क्षुल्लक वाटतो, परंतु सामूचे मोजमाप लॉगरिदमवर आधारलेले असल्यामुळे त्याचा अर्थ हायड्रोजन आयन जवळपास ३० टक्क्यांनी वाढले, असा होतो. हे आयन कवच बांधण्यासाठी लागणारे कार्बोनेट आयन गिळून टाकतात. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटच्या ॲरागोनाइट या स्फटिकरूपात बांधतात आणि ॲरागोनाइट हे त्याच संयुगाच्या कॅल्साइट या दुसऱ्या स्फटिकरूपापेक्षा अधिक विद्राव्य असते, म्हणून त्यांना धोकाही अधिक.

आता पुन्हा गोळीकडे येते. माझ्या सासूबाई थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेत आणि विसरायला नको म्हणून कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबतच घेत. कॅल्शियम थायरॉइडच्या औषधाला आतड्यातच बांधून ठेवते आणि त्याचे शोषण घटवते. दोहोंमध्ये किमान चार तासांचे अंतर हवे. त्यांना हे कोणीच सांगितले नव्हते. कित्येक महिने रक्ततपासणीचा आकडा बिघडलेलाच राहिला आणि औषधाची मात्रा मात्र वाढत गेली. लोहाच्या गोळ्या आणि टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके यांच्याही बाबतीत अशीच काळजी घ्यावी लागते.

या गोळीकडून अपेक्षा किती ठेवावी, हेही सांगायला हवे होते. अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या ३६,२८२ स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील निम्म्या स्त्रियांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम, कार्बोनेटच्या रूपात, ड जीवनसत्त्वासह दिले होते. त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता थोडी सुधारली, परंतु अस्थिभंगात लक्षणीय घट दिसली नाही आणि मूतखड्याचे प्रमाण मात्र १७ टक्क्यांनी वाढले. म्हणून गोळी निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. आहारातून कॅल्शियम पुरेसे मिळत नसेल, तर ती लागतेच; पण ‘जितकी जास्त तितकी बरी’ हा समज चुकीचा आहे.

‘शिंपल्यातले नैसर्गिक कॅल्शियम’ अशा जाहिरातीलाही भुलू नये. शिंपला आणि कारखान्यातली पांढरी पूड रसायनदृष्ट्या एकच आहेत, उलट न शुद्ध केलेल्या शिंपल्याच्या भुकटीत शिसे आढळू शकते. शिवाय आपली हाडे कार्बोनेटची नसून मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटची असतात. शरीरात कॅल्शियम कार्बोनेटचे खरेखुरे स्फटिक सापडतात ते आतल्या कानात. तोल आणि हालचाल जाणवण्यासाठी हे सूक्ष्म कण लागतात आणि ते जागचे हलले की कुशीवर वळतानाही गरगरते.

चुनखडी आणि चुना या शब्दांची गल्लतही टाळायला हवी. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की १०० किलोंमागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो तो कळीचा चुना. त्यात पाणी घातले की विरी गेलेला चुना मिळतो. तो तीव्र अल्कधर्मी असून डोळ्यांना आणि अन्ननलिकेला इजा करू शकतो. त्याला गोळीचा पर्याय मानणे धोक्याचे आहे.

पुढील पुरवणीत त्याच जागी एक लहान चौकट छापावी, अशी माझी विनंती आहे: गोळीत संयुग कोणते, त्यातून प्रत्यक्ष कॅल्शियम किती, ती जेवणाबरोबर घ्यायची की कसे, आणि कोणत्या औषधापासून किती तास दूर ठेवायची. वाचक ती कापून औषधांच्या डब्यात ठेवू शकतील.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका