मूळकुजीवरचं औषध पत्र्याखाली मरतंय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत जी पिकं वाहून गेली, त्यांचे पंचनामे झाले. जी झाडं तेव्हा उभी राहिली आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत जागेवर वाळली, त्यांची नोंद कुठेच नाही. माझ्या मोसंबीची अकरा झाडं अशी गेली. आधी पानं पिवळी पडली, मग बुडाशी डिंक ओघळला. आळं उकरून बारीक मूळ ओढलं तर साल नळीसारखी हातात आली, आत नुसती तार. ही फायटोप्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूची मूळकूज. भारी काळ्या रानात पाणी तुंबलं की ती हमखास येते.

झाड वाळायला लागलं की आपण दुकानात धावतो. मीही धावलो. पण मूळकुजीवर जे ट्रायकोडर्मा देतात, ती जिवंत मित्रबुरशी आहे. रोगाच्या बुरशीच्या धाग्याला ती विळखा घालते, तिचं कवच विरघळवते आणि तिच्यावरच जगते. त्यासाठी तिला जमिनीत आधी बस्तान बसवावं लागतं, खायला शेणखत लागतं, ओल लागते. कुजून गेलेलं मूळ ती परत आणत नाही. ती पावसाआधी मातीत हवी.

आणि मुख्य म्हणजे ती जिवंत हवी. मी दोन पुडे आणले. एक परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून, दुसरा तालुक्याच्या एका दुकानातून, गेला उन्हाळा पत्र्याखाली काढलेला. लिंबाच्या सावलीत कुजलेल्या शेणखताचे दोन सारखे ढीग केले, एकेक पुडा मिसळला, पाणी शिंपडून गोणपाट झाकलं. दहाव्या दिवशी गोणपाट उचललं तर विद्यापीठाच्या ढिगावर हिरवी बुरशी चढलेली. दुकानातल्या पुड्याचा ढीग होता तसाच, काळा. पैसे मात्र दोन्हीचे मोजले होते.

एका ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत बीजाणू हवेत, असं प्रमाण ठरलेलं आहे. पण ४२ अंशांच्या उन्हात पत्र्याखाली दोन महिने पडलेल्या पुड्यात किती उरतात, हे कोण मोजतं? कृषी विभाग खतांचे, बियाण्यांचे नमुने घेतो, तसेच दुकानात ठेवलेल्या जैविक औषधांचेही घ्यावेत. तोवर शेतकऱ्यांनी तारीख पाहिल्याशिवाय पुडा घेऊ नये, आणि असा ढीग लावून बघावा. हिरवा झाला तरच रानात टाकावा. त्याच आळ्यात कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक ओतू नये, कारण ते मित्रबुरशीलाही मारतं.

ज्याला पुडाच लागत नाही, असंही पुष्कळ आहे. माझी वहिनी मिरचीची रोपं टाकते. तिची निम्मी रोपं बुडातून कुजून कोलमडायची. आता ती एप्रिल-मे महिन्यात गादीवाफा भिजवते, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरते, कडा मातीने दाबते आणि महिना-सव्वा महिना तसंच ठेवते. आमच्याकडे पाणी कमी असेल, ऊन कमी नाही! त्या उन्हानेच मातीतली बरीचशी बुरशी मरते. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीसाठी निंबोळी पेंड आणि मधूनमधून झेंडूच्या ओळी. मोसंबीला दुहेरी आळं करावं, म्हणजे पाणी खोडाला टेकत नाही. नवीन बाग लावणाऱ्याने रोपवाटिकेत खुंट, म्हणजे मोसंबीचं कलम ज्यावर बांधलंय ते मुळाचं झाड, विचारूनच घ्यावा. जंबेरी लिंबाच्या खुंटापेक्षा रंगपूर लिंबाचा खुंट या रोगाला बरा तग धरतो.

वाळलेल्या झाडांच्या जागी मला नवी रोपं लावायची आहेत. अंबडहून परभणीला एका पुड्यासाठी प्रत्येकाला जाणं होत नाही. आमच्या जिल्ह्यात खरपुडी आणि बदनापूरला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. तिथून प्रत्येक तालुक्याला ताजं, सावलीत ठेवलेलं ट्रायकोडर्मा मेच्या अखेरीपर्यंत मिळावं. मृग लागल्यावर आलं तर खतात मुरवायला दिवस उरत नाहीत.

आपला,
एक मोसंबी बागायतदार,
ता. अंबड, जि. जालना