केझिकचे तळे आणि आपले कुडचडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलाबाळांना भेटण्यासाठी इंग्लंडला जाणारी गोमंतकीय मंडळी लंडन आणि आसपासची ठिकाणे पाहून परततात. त्यांनी थोडी सवड काढून उत्तरेकडील लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या प्रदेशातील केझिक हे बाजाराचे गाव अवश्य पाहावे आणि गोव्यात परतल्यावर त्याच नजरेने कुडचड्यालाही एकदा जाऊन यावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

केझिकला १२७६ साली बाजार भरवण्याची राजसनद मिळाली. आजही गुरुवारी आणि शनिवारी तिथे भर रस्त्यात, मूट हॉल या १८१३ सालच्या इमारतीभोवती, पाले लागतात. या इमारतीच्या मनोऱ्यावरील घड्याळाला एकच काटा आहे आणि त्याच्याखाली चीज, पाव, भाजी यांची खरेदी चाललेली असते. गावात गिर्यारोहणाच्या कपड्यांची दुकाने फार झाली आहेत हे खरे. तरीही बाजार स्थानिकांचा राहिला आहे, केवळ पर्यटकांसाठी मांडलेला देखावा झालेला नाही.

बाजारापासून जवळच ग्रेटा हॉल हे घर आहे. कवी कोलरिज १८०० साली तिथे राहायला आला आणि १८०३ साली आलेला रॉबर्ट साउदी १८४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला. साउदी इंग्लंडचा राजकवी होता. आपल्याला त्याच्याविषयी विशेष जवळीक वाटावी असे एक कारण आहे. त्याचे मामा लिस्बनमध्ये धर्मगुरू होते, तो स्वतः पोर्तुगालमध्ये राहून आला होता, आणि पुढे केझिकला बसून त्याने ब्राझीलचा इतिहास तीन खंडांत लिहिला. क्रॉस्थवेट चर्चच्या आवारातील त्याच्या थडग्याची दुरुस्ती १९६१ साली ब्राझील सरकारने करवून घेतली. एका देशाने आपला इतिहास लिहिणाऱ्या परक्या माणसाची इतक्या वर्षांनी आठवण ठेवावी, हे वाचून मन भरून येते.

परंतु माझा मुख्य मुद्दा डर्वेंटवॉटर या तळ्याच्या काठाचा आहे. गावातून पायी थोड्याच वेळात फ्रायर्स क्रॅग या खडकाळ टोकापाशी पोहोचता येते. दाईने आपल्याला इथे आणले होते हीच आयुष्यातील पहिली आठवण, असे इंग्रज लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किनने लिहून ठेवले आहे. त्याचे दगडी स्मारक तिथे पाइनच्या झाडांखाली उभे आहे. हा काठ आज सर्वांना मोकळा आहे तो कवींच्या पुण्याईने नव्हे. १८८७ साली जमीनमालकांनी जुन्या पायवाटा अडवल्या, तेव्हा केझिकचे लोक मोठ्या संख्येने त्या वाटांवरून चालत गेले आणि त्यांनी आपला हक्क बजावला. त्या चळवळीत पुढे असलेले क्रॉस्थवेटचे पाद्री हार्डविक रॉन्सली १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट या निसर्गस्थळे व जुन्या वास्तू लोकांसाठी जपणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाले. तळ्याच्या पश्चिम काठावरील ब्रँडलहाउ हे १०८ एकरांचे रान विक्रीला निघाले, तेव्हा देशभरातून वर्गणी गोळा करून १९०२ साली ते लोकांसाठी विकत घेण्यात आले. त्या रानातून आज कोणीही, कोणाचीही परवानगी न मागता, पाण्यापर्यंत चालत जाऊ शकतो.

आता कुडचड्याकडे वळू. रेल्वे स्थानक, गजबजलेला बाजार, रवींद्र भवन आणि गावालगत नंदा तळे, असे हे शहर आहे. सुमारे ४२ हेक्टरांचे हे तळे २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, समाविष्ट झाले आणि हा मान मिळवणारे ते गोव्यातील पहिले पाणथळ ठरले. तिथे साठवलेल्या पाण्यावर खालच्या बाजूची भातशेती होते. कविवर्य बा. भ. बोरकर यांचा जन्मही १९१० साली कुडचड्याचाच. बाजार, तळे आणि कवी हे तिन्ही एकाच ठिकाणी असताना कुडचड्याची ओळख खनिजाच्या ट्रकांपुरती राहावी, हे मला मनापासून खटकते.

नगरपालिका, वाचनालये आणि शाळा यांनी मिळून स्थानकापासून बाजारातून तळ्यापर्यंत सावलीची एक पायवाट आखावी आणि तिच्यावर ठिकठिकाणी बोरकरांचा परिचय व तळ्यावरील पक्ष्यांची माहिती मराठी आणि कोंकणीत लावावी. तळ्याच्या काठी काँक्रीटची सजावट, उपाहारगृहे किंवा मोठे दिवे मात्र आणू नयेत. पाणी कधी अडवायचे आणि कधी सोडायचे याबाबत शेतकऱ्यांचा शब्द शेवटचा असावा, कारण त्यांच्या वहिवाटीमुळेच हे तळे टिकले आहे. येत्या ३० नोव्हेंबरला, बोरकरांच्या जयंतीला, सभागृहातील कार्यक्रमाऐवजी बाजारातून तळ्यापर्यंत चालत जाऊन कविता वाचण्याचा उपक्रम एखाद्या वाचनालयाने ठरवला, तर मडगावहून आम्ही काही वाचक आनंदाने येऊ. वाटेच्या कामासाठी वर्गणी काढायची झाल्यास तीही देऊ.

आपला नम्र,
एक वाचक, मडगाव