फुकट म्हणून दिलेला महिना डिपॉझिटमधून कापून घेतला : गृहनिर्माण मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. मी परळमध्ये जन्मलेली, परळ-लालबागमध्येच वाढलेली एक नोकरदार बाई. आजवर कुठल्याही मंत्र्याला पत्र लिहिलेलं नाही. पण काल रात्री फोनवर एक जाहिरात आली आणि मग झोपच लागली नाही.

जाहिरात आमच्याच घराची होती. गेल्या 30 एप्रिलला आम्ही जे घर सोडलं, तेच. नवा टॉवर, 23 वा मजला, वन बीएचके. भाडं 72,000. खाली मोठ्या अक्षरांत : पहिला महिना भाडं नाही, ब्रोकरेज नाही. मी फोटो बघत गेले. तिसऱ्या फोटोत हॉलची भिंत आहे आणि त्या भिंतीवर एक खिळा आहे. तो खिळा मी मारला होता, माझ्या वडिलांचा फोटो लावायला.

त्या खिळ्यासाठी मालकाने माझ्या डिपॉझिटमधून रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं, 58,000 रुपये कापले. खिळ्याभोवती लाल गोल काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून कापले. काल बघते तर भिंतीला ब्रशसुद्धा लागलेला नाही. खिळा तिथेच आहे.

सुरुवातीपासून सांगते, म्हणजे माझं दुःख कशाचं आहे ते कळेल.

आम्ही परळला एका जुन्या इमारतीत 32,000 भाड्याने राहत होतो. ती पुनर्विकासाला गेली. मालकांना, पागडीवाल्यांना (एकरकमी पागडी देऊन पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या जुन्या भाडेकरूंना) नवी घरं आणि तोवरचं भाडं मिळालं. आमच्यासारख्या लिव्ह अँड लायसन्सवाल्यांना, म्हणजे ठराविक मुदतीच्या करारावर राहणाऱ्यांना, कुठल्याच यादीत जागा नव्हती, महिन्याभरात निघायला सांगितलं. माझा नवरा जवळच्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे, त्याला शिफ्ट असते. मुलाची शाळा परळला, माझं ऑफिस प्रभादेवीला. लांब जायची हिंमत झाली नाही. तेव्हाच हा टॉवर दिसला. 58,000 ऐकून मी परत फिरले होते. पण एजंट म्हणाला, ताई, पहिला महिना फ्री आहे, ब्रोकरेज शून्य, म्हणजे तुमचे सव्वा लाख वाचतायत. आम्ही दोघांनी रात्री बसून हिशोब केला आणि हो म्हटलं. डिपॉझिट 4 लाख. त्यासाठी मुलाच्या नावची एफडी मोडली आणि उरलेल्याला नवऱ्याने त्याच्या पतपेढीतून कर्ज काढलं.

तो फुकटचा महिना कसा गेला तेही ऐका. पाइप गॅसचं कनेक्शन नव्हतं, म्हणून 19 तारखेपर्यंत राहायलाच जाता आलं नाही. सामान चढवायला शिफ्टिंग चार्ज 10,000, तो परत मिळत नाही. सर्व्हिस लिफ्ट फक्त सकाळी 11 ते 4 आणि तीही कामाच्या दिवशीच, म्हणजे दोघांच्या रजा गेल्या. आईचा पितळी हंडा मी मांडीवर घेऊन बसले होते, कारण लिफ्टला ओरखडा पडला तर वेगळा दंड होता.

राहायला गेल्यावर हळूहळू कळलं. 19 व्या मजल्यावर अगदी तसंच घर एका जोडप्याने 51,000 ने घेतलेलं. त्यांना कसली ऑफर नव्हती, त्यांनी नुसती घासाघीस केली होती. मी हिशोबाच्या कामात आयुष्य घालवलंय, पण ही खोच समजायला मला सहा महिने लागले. एक महिना फुकट देण्याऐवजी मालक भाडंच 4,800 ने कमी का करत नाही? कारण करारावर 58,000 हा आकडा राहायला हवा. तो आकडा इमारतीचा रेट होतो. शेजारचा मालक तोच सांगतो, एजंट तोच सांगतो, समोरच्या चाळीतला खोलीवालाही त्याच्याकडे बघून आपलं भाडं चढवतो. फुकट महिना कुठेच दिसत नाही. आणि दुसऱ्या वर्षीची 10 टक्के वाढ लागते ती 58,000 वर, मला प्रत्यक्षात पडलेल्या 53,000 वर नाही. भाडं खाली येऊ द्यायचं नाही म्हणून ही सवलत असते, भाडेकरूवर दया येऊन कोणी देत नाही. त्या टॉवरमध्ये आमच्या विंगेत 112 घरं आहेत. एकदा रात्री 9 वाजता मी खाली उभी राहून मोजलं, 41 घरांत दिवे होते. बाकीची अंधारात उभी, पण भाडं उतरायचं नाव नाही.

करार 24 महिन्यांचा होता. पहिले 12 महिने लॉक-इन, म्हणजे त्याआधी करार मोडायचा नाही, तेही फक्त आम्हाला. 31 मार्चला सकाळी मुलाचा डबा भरत होते तेव्हा मालकाचा मेसेज आला : बाजारभाव 72,000 झालाय, जमत असेल तर नवा करार करू, नाहीतर ही एक महिन्याची नोटीस समजा. मुलगा नववीत, वार्षिक परीक्षा तोंडावर. हातापाया पडले म्हटलं तरी चालेल. नाही ऐकलं. आम्ही घर सोडलं.

आणि मग डिपॉझिट. 4 लाखांतले 2,78,000 परत आले. रंगाचे 58,000, साफसफाईचे 6,000 आणि आणखी 58,000 कशाचे, तर त्या फुकट महिन्याचे! करारात एक ओळ होती : परवानाधारकाने 24 महिन्यांची मुदत पूर्ण न केल्यास दिलेली सवलत वसूल करण्यात येईल. अहो, मुदत मी नाही मोडली, त्यांनी मोडली! पण ओळीत तसं लिहिलेलं नाही. कोणी बाहेर काढलं याला त्या कागदावर किंमत नाही.

आत-बाहेरचे शिफ्टिंग चार्ज धरून 1,42,000 रुपये गेले. प्रत्यक्ष भरलेल्या अकरा महिन्यांच्या भाड्यात ते मिळवून बारा महिन्यांवर वाटलं तर 58,000 चं घर मला 65,000 ला पडलं. मुद्रांक शुल्क वेगळं.

मुद्रांक शुल्कावरून आठवलं, आणि हे आपण नीट वाचावं अशी विनंती आहे. लिव्ह अँड लायसन्सवर आपलं सरकार 0.25 टक्के शुल्क घेतं. ते काढताना एकूण भाड्यात डिपॉझिटवरचं वर्षाला 10 टक्के व्याज मिळवतं. म्हणजे माझ्या 4 लाखांवर मालकाला वर्षाला 40,000 चा फायदा होतो, महिन्याला 3,333, हे सरकारला व्यवस्थित माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच त्यावर शुल्क घेतलं, आणि ते भरलं मी. मग ते डिपॉझिट किती असावं, किती दिवसांत परत मिळावं, त्यातून काय कापता येतं, यावर त्याच सरकारची एक ओळ का नाही?

मी गप्प बसले नाही. पोलीस चौकीत गेले, तिथे म्हणाले हे दिवाणी प्रकरण आहे. महारेरा घर विकत घेणाऱ्यांसाठी आहे, भाड्याने राहणाऱ्यांसाठी नाही. वकिलांना विचारलं, तर ते म्हणाले लघुवाद न्यायालयात दावा लावा, पण वर्षं जातील आणि फी धरून हातात काय उरेल ते तुम्हीच बघा. त्याच वकिलांनी मला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 उघडून दाखवला. कलम 24. मुदत संपल्यावर मी घर सोडलं नसतं तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे गेला असता आणि मला दुप्पट भाडं भरावं लागलं असतं. त्याच्यासाठी वेगळं दार आहे, वेगळा अधिकारी आहे, दुप्पट दंड आहे. माझं डिपॉझिट दाबून ठेवलं त्याला किती पट दंड? काहीच नाही. एकाच कायद्यात ही दोन मापं कोणी लिहिली, साहेब?

केंद्राच्या मंत्रिमंडळाने जून 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. राहत्या घराला डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय, सगळं आहे. तो लागू करणं राज्यांच्या हातात ठेवलं. दोन महिन्यांचं म्हणजे माझं डिपॉझिट झालं असतं 1,16,000. चार लाख नाही. एफडी मोडावी लागली नसती. आपल्या राज्याने तो का नाही आणला? जुन्या पागडीवाल्यांना त्यातून त्रास होईल म्हणतात. मग त्यांना वगळून आणा, त्यांच्या पोटावर पाय द्या असं मी म्हणत नाही, मी तशाच चाळीत वाढलेय. पण त्यांचं नाव पुढे करून आम्हाला उघड्यावर का ठेवता?

आता मनातलं सगळंच बोलते. ज्या टॉवरमधून मला बाहेर काढलं तो गिरणीच्या जमिनीवर उभा आहे. माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी पाळण्यात होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले एक बाबा. पुन्हा आत गेलेच नाहीत, शेवटपर्यंत एका गोदामात रखवालदार. टॉवरच्या आवारात गिरणीची चिमणी शोभेसाठी ठेवलीय, रात्री तिच्यावर निळे दिवे सोडतात. आमच्या हॉलच्या खिडकीतून ती दिसायची. म्हणून बाबांचा फोटो मी समोरच्या भिंतीवर लावला होता.

मुंबईतल्या गिरण्यांची जमीन सुमारे 600 एकर. 1991 च्या नियमात तिचे तीन वाटे ठरले होते : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटे पडले ते फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीचे. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. म्हाडाच्या वाट्याला आली असती ती जमीन राहिली असती, तर आज परळमध्ये 58,000 आणि 72,000 हे आकडे कोणी बोलू शकलं असतं का? कामगारांची घरांची वाट अजून चालूच आहे. आता त्यांना मुंबईपासून लांब, शेलू-वांगणीची घरं दाखवतात. 2008 मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाने, भाड्याच्या घरांची योजना काढली, 160 फुटांच्या खोल्या. बिल्डरांना 4 एफएसआय, म्हणजे जमिनीच्या चौपट बांधकाम मिळालं. भाडेकरूला काय मिळालं? पनवेलजवळ कोनला दोन-दोन खोल्या जोडून 320 फुटांची घरं केली आणि ती गिरणी कामगारांच्या सोडतीत टाकली. भाड्याच्या घरांची योजना भाड्याने राहणाऱ्यांपर्यंत आलीच नाही. आणि 2011 च्या जनगणनेत एकट्या मुंबईत 4.8 लाख घरं बंद होती, हे केंद्राच्याच आर्थिक पाहणीत छापलंय. घरं नाहीत असं आम्हाला कोणी सांगू नये.

आपलं नवं गृहनिर्माण धोरण मे 2025 मध्ये आलं. नाव : माझे घर, माझा अधिकार. 2030 पर्यंत 35 लाख घरं, 70,000 कोटींची गुंतवणूक. टीव्हीवर ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिले होते. नोकरदार बायकांसाठी भाड्याच्या घरांबद्दलही त्यात आहे, असं वाचलं आणि खरंच बरं वाटलं. महोदय, मीच ती नोकरदार बाई. माझा अधिकार कुठल्या खिडकीवर मागायचा?

मला फ्लॅट फुकट नकोय. डिपॉझिटला दोन महिन्यांची मर्यादा घाला. ते 30 दिवसांत परत मिळालं नाही तर मालकालाही दुप्पट भरायला लावा, जसं मला लावता. आणि जाहिरातीत फुकट महिना लिहायचा असेल तर करारात तो महिना धरून खरं मासिक भाडं छापायला लावा, वाढही त्याच्यावरच. मालकाने मुदत मोडली तर सवलत परत मागता येणार नाही, एवढी एक ओळ सरकारच्या ऑनलाइन करारात टाकायला विधानसभेचं अधिवेशन लागतं का?

सध्या आम्ही डोंबिवलीला आहोत. दहावीला शाळा बदलता येत नाही म्हणून मुलगा पहाटे 5 वाजून 20 मिनिटांनी नवऱ्याबरोबर निघतो, लोकलमध्ये उभ्याने पुस्तक वाचतो. बाबांचा फोटो अजून खोक्यात आहे, नव्या मालकाने भिंतीला हात लावायचा नाही असं सांगितलंय. करार 11 महिन्यांचा, 31 मार्चला संपतो. म्हणजे मुलाचे बोर्डाचे पेपर चालू असताना आम्ही पुन्हा घर शोधत असू. आपलं उत्तर त्याआधी यावं.

आपली,
एक भाडेकरू
पूर्वी परळ, आता डोंबिवली