पाइपचा गॅस घेतलास, आता हे वाच

पुणे,
रविवार

प्रिय अविनाश,

परवा फोनवर तू म्हणालास, की पाइपचा गॅस आला, सिलिंडरची कटकट संपली, आता भीतीचं कारण उरलं नाही. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरीसाठी हे पत्र. फोनवर बोललो असतो तर अर्धं तू ‘हो, हो’ करत सोडून दिलं असतंस. लिहून पाठवलं की काकू आणि वहिनीही वाचतील.

आधी एक गोष्ट समजून घे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. तुझ्या घरात नुसती टाकी जाऊन नळी आलेली नाही, गॅसच बदलला आहे. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन असतात, ते हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळला की तो गॅस फरशीलगत पसरतो, ओट्याखाली साचतो. पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन, हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा. तो सरळ छताकडे जातो. म्हणून आता स्वयंपाकघरातला वरचा झरोका सगळ्यात महत्त्वाचा. आणि तुमच्याकडे कबुतरं येतात म्हणून तोच प्लाय ठोकून बंद केलाय! तो प्लाय काढ आणि जाळी लाव. गॅसची गळती ओळखणारं यंत्र घेणार असलास तर मिथेनसाठीचं घे आणि छताजवळ बसव. सिलिंडरवाल्या घरात तेच जमिनीजवळ लावतात, त्यामुळे दुकानदार काय सांगतो ते तपासून घे.

दुसरी जुनी सवय. सिलिंडर संपला की शेगडी विझते आणि दुसरा लावेपर्यंत गॅस येत नाही. पाइपचा पुरवठा मात्र रस्त्याच्या खोदकामात किंवा दुरुस्तीत मध्येच थांबतो आणि न सांगता परत सुरू होतो. दूध तापत ठेवलंय, ज्योत विझली, काकू बटण तसंच ठेवून देवघरात गेल्या, तर गॅस परत आल्यावर घरभर सुटणार. ज्योत विझली की आधी शेगडीचं बटण बंद, मग शेगडीजवळची पाइपवरची चावी बंद. रात्री झोपताना आणि गावाला जातानाही ती चावी बंदच हवी. ती कुठे आहे आणि कशी फिरवायची, हे घरातल्या प्रत्येकाला दाखव, धाकट्यालासुद्धा. चावीची दांडी पाइपच्या रेषेत असली की चालू, पाइपला काटकोनात असली की बंद.

मॉड्युलर किचनचं काम काढणार म्हणालास, तिथे मात्र मी हट्टाने सांगतो. सुतार म्हणेल की हा पाइप दिसायला बरा नाही, कपाटात घेऊ. मीटरला पेटी करू, ड्राय बाल्कनीला काच लावू, आणि पाइप थोडा सरकवायला आपला प्लंबर आहेच. यातलं एकही करू देऊ नकोस. बंद कपाटात बारीक गळती झाली तर वास बाहेर यायच्या आत गॅस आत साठतो. पाइप हलवायचा असेल तर गॅस कंपनीकडे अर्ज कर, त्यांचा माणूस येऊन काम करतो आणि दाबाची चाचणी घेऊन जातो. भिंतीत ड्रिल मारण्याआधी पाइप कुठून गेलाय ते बघ. बाहेरच्या पाइपला कपड्यांची दोरी बांधलेली मी सोसायट्यांमध्ये नेहमी बघतो. वर्षानुवर्षांच्या ओढीने सांधे सैल होतात आणि रंग उडाला की पावसाळ्यात गंज धरतो. पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय तूच काढ.

आता गळती ओळखायची कशी? गॅसला स्वतःचा वास नसतो, मरकॅप्टन जातीचं रसायन मुद्दाम मिसळतात म्हणून तो उग्र वास येतो. हवेत मिथेन सुमारे 5 टक्के झाला की पेट घेऊ शकतो, आणि वास त्याच्या खूप आधी येतो. तेव्हा वास आला म्हणजे वेळ हातात आहे, घाबरून धावपळ करायची नाही. पण नाकाला त्याच वासाची सवय होते आणि थोड्या वेळाने तो जाणवेनासा होतो. ‘आता येत नाही, गेला असेल’ यावर विसंबू नकोस. वयाबरोबर वास कमी येतो, हे काकूंच्या बाबतीत ध्यानात ठेव. बारीक शंका असेल तर सगळी बटणं बंद करून मीटरचे आकडे लिहून ठेव आणि तासाभराने पुन्हा बघ. मधे काहीही चालू नसताना आकडा सरकला, तर कुठेतरी गळतंय. सांध्यांवर साबणाचा फेस लाव, बुडबुडे येतील तिथे गळती. काडी पेटवून बघायची नाही, कधीच नाही.

वास चांगलाच येत असेल तर चावी बंद, पेटलेलं सगळं बंद (देवासमोरचा दिवाही), खिडक्या-दारं उघडी आणि सगळ्यांनी बाहेर. दिव्याचं बटण चालू किंवा बंद काहीच करायचं नाही. एक्झॉस्ट फॅनकडे हात आपोआप जातो, तोही लावायचा नाही, ठिणगी तिथेच पडते. फोन बाहेर जाऊन करायचा. कंपनीचा आणीबाणीचा नंबर बिलावर असतो, तो दाराच्या बाहेरच्या बाजूला लिहून ठेव. गावाकडे अण्णांच्या सिलिंडरसाठी 1906.

आता जिच्यामुळे मला खरी झोप लागत नाही ती गोष्ट. तुझा बाथरूममधला गॅस गीझर. गळतीला निदान वास तरी असतो. बंद बाथरूममध्ये गीझर जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो आणि त्याला वास, रंग काहीच नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातली ताकद जाते आणि कडी उघडायचंही सुचत नाही. थंडीत आपण खिडकी लावून घेतो, म्हणून असे मृत्यू थंडीत जास्त होतात. वहिनी म्हणाल्या होत्या की आंघोळीनंतर त्यांचं डोकं दुखतं. ते पित्त असेलही, पण मी ते पित्तावर सोडणार नाही. गीझर बाहेरच्या मोकळ्या हवेत घे, नाहीतर विजेचा बसव. तोवर पाणी बादलीत काढा, गीझर बंद करा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा.

शेगडीची ज्योत निळी हवी. दूध उतू गेलं, मिठाचा कण पडला तर क्षणभर पिवळी होते, ते चालतं. सतत पिवळी राहिली आणि भांडी काळी पडायला लागली, तर बर्नर साफ कर, तरीही तसंच असेल तर माणूस बोलाव.

आणि हो, ही शेगडी दिवाळीत गावाला नेऊ नकोस. पाइपच्या गॅससाठी तिची जेट बदलली आहेत, भोकं मोठी आहेत. सिलिंडरचा दाब जास्त आणि तो गॅसही जास्त उष्णता देणारा, त्यामुळे ज्योत भडकेल. अण्णांची रबरी नळी मात्र बघून ये. तिच्यावर तारीख असते, पाच वर्षांनी बदलायची असते. उंदरांनी कुरतडली असेल तर तारीख न बघता बदल.

गीझर काढायला कोणी मिळत नसेल तर मला कळव, येत्या शनिवारी मी माझा माणूस घेऊन येतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत