कोरडा बोअरही मालकाचाच

महोदय,

मराठवाड्यात बोअरला पाणी लागलं की तो 'माझा' असतो. त्या पाण्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. कोरडा गेला की मात्र त्याला वाली उरत नाही. केसिंग पाइप उपसून दुसऱ्या बोअरला नेतात आणि भोक तसंच उघडं राहतं. वर फार तर एखादं पोतं किंवा दगड. पावसाळ्यात गवत वाढलं की तेही दिसत नाही, आणि त्यात पडण्याचा धोका असलेली, शेतात खेळणारी लेकरं तर सालगड्यांची, ऊसतोड मजुरांची.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे की बोअर घेण्याच्या १५ दिवस आधी जमीनमालकाने प्रशासनाला कळवावं आणि सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे टाकून भरावा. खोदताना निघालेला चुराही चालतो, म्हणजे पैशाची सबब नको. सातबारावर नाव लागावं म्हणून तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्यांना एवढं जड का जावं?

ग्रामपंचायतींनी शिवारातल्या उघड्या बोअरची यादी करावी आणि मृगाआधी प्रत्येक मालकाकडून ते बुजवून घ्यावेत.

– एक शेतकरी, औसा (जि. लातूर)